उरलेल्यांचा रकाना

मॉरिशसहून परतलेला मराठी पर्यटक समुद्राचे फोटो दाखवून झाले की हमखास म्हणतो, ‘तिथं सगळी आपलीच माणसं हो!’ गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी, शाळेत मराठीचा तास, कोकणातली मुळं. सगळं खरं. तरीही हे कौतुक खटकतं. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या मातीत जगलेल्या माणसांवर इतका सहज हक्क सांगायचा?

१८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी किती गिरमिटिये, म्हणजे करारानं नेलेले भारतीय मजूर, पोर्ट लुईला उतरले, हे वाचकाला नव्यानं सांगायला नको. पुढचं कमी सांगितलं जातं. १९६८ साली स्वतंत्र झालेल्या या देशाच्या संविधानानं माणसांचे चार समुदाय केले: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. राहणीवरून जो पहिल्या तिघांत बसत नाही, तो चौथ्यात. त्यामुळे साखरमळ्यांचे गोरे मालक आणि त्याच मळ्यांत राबलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज एकाच रकान्यात! संसदेवर ६२ जण निवडून येतात. मग ज्या समुदायाला वाटा कमी पडला, त्याच्या पराभूत उमेदवारांना जास्तीत जास्त आठ जागा मिळतात. हा हिशेब अजून १९७२ च्या जनगणनेवर चालतो. त्यानंतर समुदाय विचारणंच बंद झालं.

हे रकाने खोडून टाका, मग उरेल तो फक्त मॉरिशियन, असं म्हणणारा एक पक्ष तिथं आहे. त्याचं म्हणणं पोकळ नाही. आपला समुदाय लिहायला नकार देणाऱ्यांचे उमेदवारी अर्ज फेटाळले गेले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये समितीनं त्यांच्या बाजूनं मत दिलं. इतक्या जुन्या आकड्यांवर माणसाला चिकटवून ठेवणं कुणालाही हास्यास्पदच वाटेल.

पण रकाने काही निवडणुकीपुरते नाहीत. १९९८ साली नव्या नोटांवर तमिळ मजकुराच्या आधी हिंदी छापली गेली. पूर्वीचा क्रम उलटा होता. तमिळ भाषकांनी एवढा संताप व्यक्त केला की नोटा मागे घ्याव्या लागल्या. आणि आपल्या पर्यटकाला चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे, तिथल्या जनगणनेत धर्माच्या प्रश्नाला ‘मराठी’ असं उत्तर देणारी माणसं आहेत. तिथल्या रोजच्या बोलण्यात ‘हिंदू’ म्हणजे बहुधा उत्तरेकडून आलेल्या भोजपुरी लोकांचे वंशज. मराठी, तमिळ, तेलुगू वेगळे. ‘आपली माणसं’ मोजायला बसलं तर आधी कुणाची, हे ठरवावं लागेल.

देशात मोजलं जाणं वेगळं आणि गृहीत धरलं जाणं वेगळं. गृहीत धरलेल्याला कुणी कागद मागत नाही. स्वातंत्र्यापासून पंतप्रधानपदी पाचच जण आले. त्यांतले चार हिंदू, तेही रामगुलाम आणि जगन्नाथ या दोनच घराण्यांतले. पॉल बेरांजे यांची २००३ ते २००५ ची कारकीर्द तेवढी वेगळी.

आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचं, म्हणजे क्रिओल समाजाचं, दुखणं याच्या उलट आहे. त्यांची बोली जवळजवळ सगळं बेट बोलतं, कितीतरी मराठी घरंसुद्धा. तरी संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी, सवलत फ्रेंचला. आणि शाळेत ऐच्छिक विषय म्हणून क्रिओल आली ती २०१२ मध्ये. हिंदी, तमिळ, मराठी त्याआधी कितीतरी वर्षं शिकवल्या जात होत्या. पूर्वजांची भाषा आहे म्हणून त्यांना सरकारी आधार मिळाला. मोझांबिक आणि मादागास्करहून बांधून आणलेल्यांच्या भाषा मळ्यांतच संपल्या, आणि पाठीशी उभा राहणारा कुठला देशही नव्हता. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लाडका क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेटावर दंगली उसळल्या. तो भडका एका मृत्यूपुरता नव्हता.

इथं आल्यावर रकाने खोडण्याचा उत्साह ओसरतो. ‘उरेल तो मॉरिशियन’ हे ज्याला कायम उरलेल्यांत ढकललं गेलं त्याला कसं ऐकू जात असेल? खोडाखोडीनंतरही ज्यांची मंडळं, शाळेतले तास आणि सुट्ट्या शाबूत राहतील, त्यांना समतेची भाषा परवडते. स्वतंत्र समुदाय म्हणून नोंद व्हावी, ही काही क्रिओल संघटनांची मागणी आधी फुटीर वाटते. आता तीच न्यायाची पहिली पायरी वाटू लागते. रकाने पुसायचेच असतील तर त्यानंतर. त्यासाठी समुदाय विचारणारी नवी मोजणी लागेल, आणि तीत कुणाचा वाटा वाढेल, कुणाचा घटेल, हे कुणालाच आधी सांगता येणार नाही. १९७२ नंतर एकाही सरकारनं ती केलेली नाही.