एकाच बटणावर दोन बल्ब

मोहन्यात एनआरसी कॉलनीजवळ टेनिस बॉलची मॅच रंगली होती. तीन बॉल, चार रन. दुसऱ्या रनसाठी पळणारा फलंदाज क्रीजकडे झेपावला आणि तेवढ्यात थ्रो थेट स्टम्पवर बसला. लेग अंपायर बॅटिंगवाल्यांचाच. त्याने नॉट आऊट दिला. कीपर उसळला, "डोळ्यांदेखत चीटिंग? स्टम्प आधी हलला!" दोघे बालवाडीपासूनचे दोस्त, पण हात कॉलरला गेले आणि मॅच मोडली.

कंपनीत वायरमन म्हणून उभा जन्म काढलेले आबा कठड्यावर बसून पाहत होते. संध्याकाळी त्यांनी दोघांना घरी बोलावलं. एका फळीवर हातभर अंतराने झिरोचे दोन बल्ब बसवले होते. "तू डाव्याकडे बघ, तू उजव्याकडे. आधी कुठला लागतो ते सांगा."

टक्.

"डावा!" अंपायर म्हणाला. "उजवा!" कीपर ठाम.

"आता नजरा बदला."

टक्. "उजवा..." म्हणता म्हणता अंपायर थबकला. कीपरला या वेळी डावा आधी दिसला होता. आबांनी फळी उलटी केली. दोन्ही वायरी एकाच बटणाला जोडलेल्या होत्या.

"अंपायर, तू कुठे बघत होतास?"

"बॅटकडे."

"मी स्टम्पकडे," कीपर पुटपुटला.

लक्ष जिथे खिळलेलं असतं, ते आधी घडल्यासारखं वाटतं. टिचनर या मानसशास्त्रज्ञाने 1908 साली हा नियमच मांडला. फरक सेकंदाच्या बारीकशा तुकड्याचा, पण रनआऊटही तेवढ्यावरच ठरतो. 1992 च्या डर्बन कसोटीत सचिन तेंडुलकरला टीव्ही रिप्ले पाहून धावबाद दिलं गेलं. कसोटीत तिसऱ्या पंचाने बाद ठरवलेला तो पहिलाच फलंदाज. त्याच्याही फार आधी, 1796 साली, ग्रीनिच वेधशाळेत डोळा ताऱ्यावर आणि कान घड्याळाच्या ठोक्यावर ठेवून वेळ टिपणाऱ्या किनेब्रुक या मदतनिसाची नोंद त्याच्या साहेबांपेक्षा सुमारे 0.8 सेकंद मागे पडायची. साहेबांनी त्याला कामावरून काढलं. निरीक्षकांमध्ये असा फरक असतोच, हे पुढे बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने दाखवलं. तोवर त्या माणसाची नोकरी गेली होती.

"मग आबा, आऊट होता की नाही?" फळीकडे बघत कीपरने विचारलं.

"मी थ्रो करणाऱ्याकडे बघत होतो रे."

पुढच्या रविवारी मॅच तिथूनच सुरू झाली. स्टम्पमागे उभं राहत कीपरनेच स्कोअररला हाक मारली, "ते दोन रन धर. दोन बॉल, दोन हवेत!"