एक हेलपाटा वाचला त्याची नोंद

दसऱ्याला म्हैसूरची जंबुसवारी, म्हणजे हत्तींची मिरवणूक, राजवाड्यातून निघून सयाजीराव रस्त्याने बन्नीमंटपाकडे जाते. रस्त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं नाव आहे हे कळलं की मराठी प्रवाशाची छाती जरा फुगते. साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी डोलत पुढे सरकते, हजारो मोबाइल वर होतात. हत्ती दिसेनासे झाले की रस्त्यावर लीद, चुरगळलेली फुलं, पाण्याच्या बाटल्या आणि कागदी प्लेटा उरतात. मग खराटे घेऊन पौरकार्मिक येतात. सफाई कामगाराला तिकडे हाच शब्द आहे. तोवर मोबाइल खिशात गेलेले असतात.

२०१५ साली केंद्राने ४७६ शहरांची स्वच्छतेची क्रमवारी लावली, तीत म्हैसूर पहिलं आलं. २०१६च्या स्वच्छ सर्वेक्षणात ७३ शहरांत पुन्हा पहिलं. आणि त्या काळात कर्नाटकातले बहुतेक पौरकार्मिक ठेकेदाराच्या हजेरीवर राबत होते. म्हणजे शहर देशात अव्वल, पण ते अव्वल करणारे हात सरकारच्या लेखी सरकारी नव्हतेच. ठेका मोडून पगार थेट देण्याचा निर्णय २०१७चा. राज्यातल्या ११,१३३ जणांना कायम करण्याचा निर्णय झाला २०२२ मध्ये, तोही संप झाल्यावर. पौरकार्मिक दिन मात्र दर २३ सप्टेंबरला साजरा होतो. ज्याच्या नोकरीचा भरवसा नाही त्याच्या गळ्यात हार घालणं ही थट्टा आहे. गौरवाचा विचार करायचा तर आधी हे मान्य करू.

यावर नेहमीचा प्रश्न येतो: पगार मिळतो ना, मग काम केलं म्हणून कौतुक कशाला? विश्वेश्वरय्यांनाही पगार मिळत होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ साली त्यांनीच बसवले. पण मुख्य अभियंत्याची खुर्ची गोऱ्या साहेबांसाठी राखलेली होती. १९०८ मध्ये ते नोकरी सोडून निघाले. पुढच्याच वर्षी म्हैसूर संस्थानाने त्यांना मुख्य अभियंता केलं आणि १९१२ मध्ये दिवाण. पगार दोन्हीकडे होता, कदर एकीकडेच होती. मुंबईने जे गमावलं ते म्हैसूरजवळ कृष्णराजसागर धरणाच्या रूपात उभं आहे.

तेव्हा कदर हवी, याबद्दल वाद नाही. ती कुणी करायची, यावर आपण कधी बोलतच नाही.

म्हैसूरचे महाराज कर्तबगार माणसांना किताब देत. त्यातला एक होता 'राजसेवासक्त'. शब्द सुरेख आहे, आणि सेवा कुणाची हे तो लपवतही नाही. संस्थानं गेली, किताब गेले. पण दर २१ एप्रिलला कर्नाटकात सरकारी नोकरांना जे 'सर्वोत्तम सेवा' पुरस्कार देतात, त्यांचं मूळ अजून दरबारातच आहे. (कन्नडमध्ये पुरस्काराला 'प्रशस्ती' म्हणतात. मराठीत त्याचा अर्थ स्तुती, आणि पुष्कळदा तोच अर्थ जास्त लागू पडतो.) डोक्यावर म्हैसुरी पेटा, गळ्यात चंदनाचा हार, अमुक साहेबांच्या शुभहस्ते. निवडणारे वरचे, देणारे वरचे. ज्यांची कामं झाली ते त्या सभागृहात नसतातच.

आपल्याकडे काय वेगळं आहे? आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी शिक्षक स्वतःच्या आदर्शपणाची फाइल स्वतः बांधतो, कात्रणं चिकटवतो, सह्या गोळा करत हिंडतो. तेवढ्या दिवसांत वर्ग कोण घेतं, हे फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. फाइल बांधण्यापेक्षा शिकवण्यात रस असलेला मास्तर तिथेच शर्यतीतून बाद होतो.

याच म्हैसुरात दुसराही रिवाज पडला होता. १८८१ साली दिवाण रंगाचार्लूंनी प्रतिनिधी सभा बोलावली. दसऱ्याच्या सुमारास १४४ माणसं जमली, जिल्ह्याजिल्ह्यांतले शेतकरी आणि व्यापारी. सभेच्या हाती सत्ता नव्हती, आणि गोरगरीब तिच्यात नव्हतेच. तरी गाऱ्हाणं थेट दिवाणासमोर मांडता येत होतं. पुरस्काराची यादी व्हायला हवी ती अशा सभेत.

यादी करायची कशावरून? 'सरकारी काम, सहा महिने थांब' ही म्हण आपण हसत वापरतो, पण तिच्यात मोजमाप आहे. त्याचं एकक हेलपाटा. उतारा हवा असलेल्या शेतकऱ्याचा, पेन्शनचा कागद अडलेल्या म्हातारीचा एक हेलपाटा म्हणजे एक बुडालेला रोज आणि एसटीचं भाडं. ज्या कारकुनाने तो वाचवला, त्याची नोंद आज त्याच्या गोपनीय अहवालात दिसत नाही. साहेब खूश आहेत का, तेवढं दिसतं. खरं तर हिशेब ठेवणं अवघड राहिलेलं नाही. कर्नाटकात २०१२ पासून 'सकाल' योजनेत अर्जाला क्रमांक मिळतो, कामाला मुदत असते. महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा २०१५चा. कुठल्या टेबलावर अर्ज मुदतीत निघाले हे कळू शकतं. त्यातून नावं काढावीत, ती रेशन दुकानात, चावडीवर, सरकारी दवाखान्यात लावावीत आणि लोकांना विचारावं: या माणसाने तुमच्याकडे काही मागितलं का? नीट बोलला का? अडाण्याला अर्ज लिहून दिला का? पौरकार्मिकांसाठी त्यांच्या गल्लीला विचारावं.

म्हैसुरात रंगाचार्लूंच्या नावाचा टाउन हॉल आहेच. कार्यक्रम तिथे व्हावा, हार घालायला त्या म्हातारीला बोलवावं, मंत्र्यांनी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवाव्यात. फक्त तो कचेरीच्या वेळेत नको. हॉल भरायला सगळ्या कारकुनांना नेलं की खिडकीवर 'उद्या या' लागतं, आणि सत्काराच्या दिवशीच कुणाचा तरी एक हेलपाटा वाढतो.