मृतासोबत पुरलेला मान

विदर्भातील महापाषाणीय दफनांत लोखंड कामाचे आणि तांबे-कासे मानाचे, अशी धातूंची विभागणी दिसते. या दफनांभोवती रचलेली इ.स.पू. पहिल्या सहस्रकातील शिळावर्तुळे नागपूरच्या आसपास दाटीने आहेत. नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. म्हणजे लोखंड घरचे होते. त्याच्या कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या झाल्या. तांबे-काशाचे काम मात्र वेगळे. १९७०च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी माहूरझरीला केलेल्या उत्खननात पक्ष्याची आकृती बसवलेली झाकणे आणि घोड्याच्या तोंडावर चढवण्याचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले. घोड्याच्या तोंडात लोखंडी लगाम, कपाळावर तांबे: एक आवरण्यासाठी, दुसरे लोकांनी पाहावे म्हणून.

याच सहस्रकात युरोपातील केल्टिक सरदारांची दफनेही अशीच होती. जर्मनीतील होखडॉर्फच्या थडग्यात मृताला काशाच्या लांबलचक आसनावर निजवले होते. फ्रान्समधील व्हिक्स येथे एका स्त्रीसोबत ठेवलेले काशाचे भांडे दीड मीटरहून उंच आहे. दोन्ही समाजांचा परस्परसंबंध मानण्याचे कारण नाही. प्रश्न मात्र एकच उरतो: इतका मोलाचा धातू मातीआड का करायचा?

परलोकात उपयोगी पडावा म्हणून, हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. मान पाहणाऱ्यांच्या नजरेत असतो. बुलढाण्याकडे पोळ्याला घुंगरमाळा आणि झुली घालून मानाची बैलजोडी तोरणाखाली उभी राहते, तेव्हा सजतो बैल आणि मान मिळतो धन्याला. तोही गाव जमलेले असते म्हणून. दफनाच्या वेळीही समुदाय जमलेला असणार. सर्वांदेखत अलंकार खड्ड्यात गेला की तो वारसाच्या हाती उरत नाही. पुढच्याला आपला मान नव्याने उभा करावा लागतो. वस्तू पुरण्यामागचा खरा विचार इथे असावा.

बुलढाणा जिल्ह्यातच, संग्रामपूर तालुक्यात पूर्णेकाठी भोन येथे, याच प्रश्नाचे दुसरे उत्तर उभे राहिले. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे प्राचीन विटांचा बौद्ध स्तूप उघडकीस आला. स्तूपही मूळचा मृताचे स्मारकच. पण बौद्ध विचारात माणसाची थोरवी त्याच्या आचरणाने ठरते, अंगावरच्या धातूने नाही. मृतासोबत दर्जाच्या खुणा पाठवण्याची गरज त्या विचाराने मोडीत काढली.