चुलीपुढची वारी

आमच्या पुसेगावात संध्याकाळचा हरिपाठ आटोपून मंडळी ओट्यावर टेकली होती. मी मात्र लगबगीने पायांत वहाणा सरकवू लागलो. एका समवयस्क माळकऱ्याने हसत हसत विचारले, “बुवा, एवढी घाई कशाची?” मी सरळ सांगितले, “घरी भाकरी टाकायच्यात.” ओट्यावर हशा पिकला. तो ओसरल्यावर तोच गृहस्थ गंभीरपणे म्हणाला, “या वयात प्रपंच सैल करायचा, का अजून गच्च धरायचा? चूल सांभाळायची तर नाम कवा घ्यायचं?”

हशाचे मला काही वाटले नाही, पण प्रश्न मनात घर करून राहिला. तो सगळ्याच माळकऱ्यांचा आहे, म्हणून तो येथे मांडीत आहे. (साताऱ्याकडील सेवागिरी महाराजांचे पुसेगाव निराळे. आमचे हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आहे. नामदेवरायांची नरसी याच जिल्ह्यातली.)

हकिगत थोडक्यात अशी. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळींच्या हाताच्या सांध्यांनी दगा दिला. बोटे सुजतात, मूठ वळत नाही. मुलगा आणि सूनबाई दिवस उजाडताच कामाला बाहेर पडतात, नातवंडांना शाळा. तेव्हा वयाच्या छासष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा परातीत पीठ घेतले. यात मोठेपणा काही नाही. गरज पडली म्हणून घेतले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे म्हणायचे आहे ते या कबुलीवरच उभे आहे.

आता प्रश्नाकडे वळू. पहिली गोष्ट अशी की, मी स्वयंपाक अगदीच नवा शिकलो असे नव्हे. वारीत मी पीठ मळले आहे, भाजीचे ढीग निवडले आहेत, चरवीने वरण वाढले आहे. दिंडीत पुरुषमाणूस चुलाण्यापुढे बसला तर त्याला कोणी हसत नाही. उलट ‘सेवा चालली आहे’ म्हणून येणारा-जाणारा पाया पडतो. पीठ तेच, हात तेच, भूकही तीच. मग दिंडीत जी सेवा, ती घराच्या उंबऱ्याआत आली की बायकांचे काम कशी होते? मला एकच उत्तर सापडते. दिंडीतली सेवा चार माणसे पाहतात; घरातली कोणी पाहत नाही. म्हणजे मी जिला सेवा म्हणत होतो तिच्यात पाहणाऱ्याच्या नजरेचा वाटा बराच होता. हे मनाशी कबूल करताना मला जड गेले.

आपल्या कथा-कीर्तनांतच पाहा. जनाबाईबरोबर देव दळायला बसला हे ऐकताना आमचे डोळे भरून येतात. मुक्ताईने ज्ञानोबामाउलींच्या पाठीवर मांडे भाजले, ते आम्ही भक्तीने ऐकतो. नाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्यांना वाढून टाकला, या कथेला आम्ही टाळी देतो. पण त्यानंतर गिरिजाबाईंना पुन्हा चूल पेटवून सगळा स्वयंपाक नव्याने करावा लागला, तिथे आमची टाळी थांबत नाही. तुकोबा डोंगरावर जाऊन बसत, आणि आवलीमाय ऊन-काटे तुडवीत त्यांची भाकर घेऊन डोंगर चढे. ती भाकर ज्या हातांनी थापली त्या हातांचा आम्ही ‘कजाग बायको’ म्हणून विनोद करतो! राजाईच्या नावावरचे अभंग वाचा; घरात दाणा नाही याचे तिचे गाऱ्हाणे त्यांत आहे. देव जनीबरोबर दळायला बसला, असे सांगणारा संप्रदाय आपला. आणि कीर्तन सुटल्यावर घरी जाऊन “वाढ गं” म्हणून पाटावर बसणारेही आपणच. चाळीस वर्षे मी हेच केले. वर “आज मीठ जास्त झालं” हेही म्हणालो.

त्या चाळीस वर्षांचा हिशेब मला एका भाकरीने दाखवला. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. दळण जुने झाले की पिठाची विरी जाते. मग कितीही थापा, भाकरी कडेला चिरते आणि तव्यावर टाकताना तुटते. पहिल्या दिवशी माझ्या सातांपैकी पाच तुटल्या. मंडळी जवळ बसून होत्या. म्हणाल्या, “पीठ जुनं हाय. पाण्याला आधण येऊ द्या, त्यात कालवा. अन् मळा, दमानं. तळहाताच्या बुडानं.” पुढे म्हणाल्या, “वरून पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकत आलं की उलटायची, त्याआधी नाही, त्यानंतरबी नाही.” या ‘आधी नाही, नंतर नाही’ मध्ये केवढे शास्त्र आहे! ते कुठल्याही पोथीत न लिहिता, रोज दोन वेळा, माझ्या पाठीमागे चालले होते, आणि मी पुढे बसून ज्ञानेश्वरीतल्या योगावर बोलत होतो.

येथे मला नामदेवरायांची कथा नव्याने कळली. तेरढोकीस गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून पारख केली आणि नामदेवांना कच्चे मडके म्हटले. जो देवाशी बोलत असे, ज्याच्या हातचा नैवेद्य देवाने खाल्ला, त्याला कच्चे म्हणावे! नामदेवांना राग आला, पण अखेर ते औंढ्या नागनाथी विसोबा खेचरांकडे गेले आणि शिष्य झाले. औंढा आमच्याच जिल्ह्यात. तेथे दर्शनाला मी किती वेळा गेलो असेन. पण ‘आपल्याला येते’ असे वाटत असताना ‘येत नाही’ हे ऐकून घ्यावे आणि मग शिकायला बसावे, हा त्या स्थानाचा बोध मला देवळात झाला नाही, परातीपुढे झाला. उतारवयात शिकण्यात लाज नाही. लाज आहे ती कच्चे असून पक्के म्हणवण्यात.

आता एक सावधगिरीची गोष्ट. मी भाकरी टाकतो हे कळताच गावात माझे कौतुक सुरू झाले. “बुवांनी काय पत्नीसेवा आरंभली!” असे लोक म्हणू लागले. मंडळींनी चाळीस वर्षे केले त्याचे कोणी एकदाही नाव काढले नाही. सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत असे आढळले की, दिवसभरात घरचे बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या बायका शंभरात ८१ होत्या, तर पुरुष २६. आणि काम करणाऱ्यांतही बाईचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७. म्हणजे बाईची जवळजवळ पाच तास रोजची वारी, तिला ना पताका ना टाळ. त्यातले तासाभराचे काम मी उचलले तर ते पुण्य कसले? फार तर वाणसामानाच्या जुन्या उधारीतला पहिला हप्ता! हप्ता भरणाऱ्याने हार घालून घेऊ नये.

नामदेवराय उत्तरेत गेले, पंजाबात घुमान येथे राहिले, आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहेबात आहेत, हे आपणास ठाऊक आहे. ज्यांना नामदेव इतके प्रिय, त्यांच्या लंगरात जाऊन पाहा. नांदेड काही दूर नाही. तेथे चांगले कमावते पुरुष रांगेने बसून कणीक मळतात, पोळ्या लाटतात, उष्टी भांडी घासतात. आपल्या दिंडीचा आणि त्यांच्या लंगरचा भाव एकच आहे. दोघांपुढेही प्रश्न मात्र एकच उरतो: हा भाव घरच्या उंबऱ्याशी का अडतो?

याहून अवघड एक प्रसंग आहे, तो लपवीत नाही. सहा महिन्यांत माझा हात बरा बसला. मग मी डबे माझ्या सोयीने लावले, तिखटामिठाची जागा बदलली, आणि मंडळींना म्हणालो, “तुम्ही आता निवांत बसा, इकडं येऊच नका.” मला वाटले, केवढे सुख दिले! त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, “हात गेले ते गेले. आता घरातली माझी जागाबी काढली का तुम्ही?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी सेवा म्हणून जे चालवले होते ते हळूच मालकी होऊन बसले होते. ज्याची सेवा करायची त्याला विचारायचेच नाही, त्याला नुसते बसवून ठेवायचे, ही सेवा नव्हे. दुसऱ्या दिवशी डबे पूर्वीच्या जागी गेले. आता त्या चुलीजवळ पाटावर बसतात, काय करायचे ते ठरवतात, अंबाडीच्या भाजीत कण्या किती घालायच्या ते सांगतात. मी फक्त हात. दोन माणसांचा मिळून एक स्वयंपाकी झाला आहे.

राहिला नामाचा प्रश्न. प्रामाणिकपणे सांगतो, पहिले काही महिने माझा सकाळचा नेम चुकला. तोंडाने अभंग म्हणत भाकरी टाकावी तर भाकरी करपे. भाकरीकडे पाहावे तर अभंग तुटे. जनाबाईची गोष्ट सांगायला सोपी, करायला कठीण. हळूहळू एवढे कळले की, काम करताना मोठ्याने म्हणण्याचा हट्ट सोडावा. पाणी सुकण्याची वाट पाहताना जेवढा वेळ मिळतो त्यात ‘रामकृष्णहरी’ आपोआप बसते, आणि ते कोणी ऐकत नसते. जपमाळ घेऊन बसलो असता माझे मन शेतात, बाजारात, कोर्टकचेरीत फिरून येत असे. तव्यापुढे ते फिरले तर लगेच धूर निघतो! मनाला जागेवर आणणारा असा रोखठोक गुरू मला दुसरा भेटला नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की, जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात. हे वचन मी पुष्कळदा निरूपणात सांगितले. पण जो स्वतःसाठीही शिजवीत नाही, दुसऱ्याने शिजवलेले आयुष्यभर खातो आणि वर नावे ठेवतो, त्याचे काय, हा विचार कधी मनात आला नव्हता. पंधराव्या अध्यायात तेच भगवंत म्हणतात की, प्राण्यांच्या देहात वैश्वानर होऊन अन्न पचवणारा मीच. मग नातवाच्या पोटात जाणारा घास त्यालाच पोचतो. हा नैवेद्य नव्हे, असे कोण म्हणेल?

म्हणून त्या माळकऱ्याला माझे उत्तर असे. उतारवयात प्रपंच सैल करावा हे खरे. पण सैल करायचा तो ‘मी’पणा, जबाबदारी नव्हे. उठून पाणी घेण्याचाही ज्याला कंटाळा, त्याने घर सोडले तरी प्रपंच त्याच्या पाठीवर असतोच. तो वाहणारे हात तेवढे दुसऱ्याचे असतात.

एक हळहळ मात्र उरते. मंडळींचे हात धड असताना मी शिकलो असतो, तर त्यांना काही वर्षे विसावा मिळाला असता. कदाचित वारीलाही त्या माझ्याबरोबर अधिक वेळा आल्या असत्या. घर कोण पाहणार, म्हणून दर आषाढीला मागे राहिल्या. ती वर्षे आता परत येत नाहीत. म्हणून तरुण माळकऱ्यांना हात जोडून विनंती आहे की, गरज पडण्याची वाट पाहू नका. वारीहून परतल्यावर पताका खुंटीला लावाल, त्याच दिवशी एक वेळची चूल हाती घ्या. दोन भाकरी तुटतील, तुटू द्या. तुटकीही पोटात गेली की सारखीच.

परवा एकादशी होती. भगर आणि शेंगदाण्याची आमटी मी केली. मंडळींनी चव घेतली आणि म्हणाल्या, “मीठ जरा कमी पडलं.” मला बरे वाटले. चाळीस वर्षांनी तो शब्द उच्चारण्याची पाळी त्यांची आली.

असो. रामकृष्णहरी.