बिल तपासायचे कोणी?

माझ्या आजोबांच्या पिढीला दवाखान्याचे बिल ही वाद घालण्याची गोष्ट वाटत नसे. डॉक्टरांनी सांगितले तेवढे द्यायचे, हातात नसले तर सुगीनंतर द्यायचे, आणि अगदीच शक्य नसेल तर सरकारी दवाखाना किंवा एखाद्या ट्रस्टचे रुग्णालय गाठायचे. डॉक्टरही पुष्कळदा फीचा तगादा लावत नसत. त्या व्यवहारात माया होती, पण रुग्णाच्या हाती काही नव्हते. कोणाकडून किती घ्यायचे हे डॉक्टरांच्या मनावर होते आणि ज्याला सवलत मिळाली त्याने जन्मभर उपकार मानायचे, अशी रीत होती. त्या काळाबद्दल हळवे होणारे लोक भेटतात तेव्हा मला त्या उपकाराच्या ओझ्याची आठवण करून द्यावीशी वाटते.

पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांविना राहता कामा नये, हे तत्त्व आपल्याकडे १९४६ सालीच लिहून झाले होते. भोर समितीच्या अहवालात ते स्पष्ट आहे. पण समितीच्या डोळ्यांसमोर होती ती सरकारने उभारलेली आणि सरकारने चालवलेली आरोग्यसेवा. खाजगी दवाखान्यांसाठी मुंबई इलाख्यात १९४९ साली शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा आला, त्याचा भर नोंदणी, जागा आणि प्रशिक्षित कर्मचारी यांवर होता. म्हणजे तत्त्व सरकारी रुग्णालयापुरते राहिले आणि खाजगी रुग्णालयाच्या बिलाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. पुढे सरकारी सेवा भोर समितीने कल्पिली तशी वाढली नाही. वाढली ती नेमकी खाजगी. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी ठिकाणी सुमारे ४,४५० रुपये, तर खाजगी ठिकाणी सुमारे ३१,८५० रुपये निघाला. एवढा फरक असूनही लोक खाजगीत जातात. ते हौसेने जातात असे म्हणणाऱ्याने एकदा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात रात्री दोन वाजता जाऊन यावे.

दयेचे रूपांतर बंधनात करण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रात झाला, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात १९८० च्या दशकात ‘४१ कक’ हे कलम घातले गेले. जी रुग्णालये धर्मादाय म्हणून नोंदलेली आहेत आणि त्यापोटी सवलती घेतात, त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या. कलम बरीच वर्षे कागदावर राहिले. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिकेवर योजना आखून दिली तेव्हा त्यात धुगधुगी आली. प्रत्येक बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची, त्यातून गरिबांचा खर्च भागवायचा, आणि तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यायचे.

योजना चांगली आहे. आजही रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात तिच्या आधारावर हजारो घरे वाचतात. तरीही तिच्या मुळाशी एक अडचण आहे: हक्क मिळवण्यासाठी आधी गरिबी सिद्ध करावी लागते. पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, मग राखीव खाट रिकामी आहे का याची चौकशी. रुग्ण आयसीयूत असताना घरातला एक माणूस या कागदांमागे पळत असतो. आणि वर्षाला चार लाख कमावणारा शिक्षक, दुकानदार किंवा रिक्षावाला या योजनेत बसतच नाही. त्याच्यासाठी बिल पहिल्यासारखेच आहे: सांगतील तेवढे.

या मधल्या माणसाला आधार मिळाला तो ग्राहक कायद्याचा. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा डॉक्टरांना लागू आहे की नाही यावर जवळपास दशकभर वाद चालला. वैद्यकी हा पवित्र व्यवसाय आहे, रुग्णाला गिऱ्हाईक म्हणणे हा त्याचा अपमान आहे, असे डॉक्टरांच्या संघटना म्हणत होत्या. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात निकाल दिला: पैसे घेऊन दिलेला उपचार ही सेवाच आहे. आणि ज्या रुग्णालयात काहींकडून पैसे घेतले जातात, तिथे मोफत उपचार घेणाऱ्यालाही हे संरक्षण आहे. मला या निकालातला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. सवलत घेतली म्हणून तोंड बंद ठेवावे लागणार नाही, एवढे त्याने नक्की केले.

रुग्णाला ग्राहक म्हणण्यात डॉक्टर-रुग्ण नाते बिघडले, ही तक्रार मी पूर्णपणे उडवून लावणार नाही. पण दुसरीकडे पाहा. पावती मागणे, केसपेपरची प्रत मागणे, कुठल्या गोष्टीचे किती लावले हे विचारणे या गोष्टी आज उद्धटपणा समजल्या जात नाहीत, त्या याच वळणामुळे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी तर फी उपचाराआधी सांगावी, शस्त्रक्रिया चालू असताना नव्हे, आणि नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात असे लिहूनच ठेवले. ग्राहकाच्या कल्पनेची मर्यादा वेगळीच होती. बाजारात ग्राहक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. छातीत कळ आलेल्या माणसाला तो पर्याय नसतो. शिवाय ग्राहक आयोगाचा न्याय नंतरचा, पुष्कळदा काही वर्षांनंतरचा. मंगळसूत्र गहाण पडते ते त्याच आठवड्यात.

म्हणून तिसरे पाऊल घटनेकडे वळले. शांता निकालाच्या आधीच, १९८९ साली, परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपघातग्रस्ताचा जीव वाचवणे हे सरकारी आणि खाजगी, दोन्ही डॉक्टरांचे कर्तव्य आहे आणि त्याचे मूळ कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात आहे. बिलाच्या बाबतीत हाच विचार मुंबई उच्च न्यायालयात २०१४ मध्ये पुढे आला. थकलेल्या बिलापोटी रुग्णाला अडकवून ठेवता येणार नाही. रुग्णालयाला पैसे हवे असतील तर त्याने वसुलीचा कायदेशीर मार्ग धरावा, असे न्यायालयाने म्हटले. भारतीय न्याय संहितेच्या १२७ व्या कलमाखाली कोणालाही बेकायदा डांबून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि पांढरा कोट घातल्याने तो गुन्हा राहत नाही असे कुठेही लिहिलेले नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रुग्णहक्कांची सनद २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पुढे ठेवली. तपशीलवार बिल मिळणे, दर आधी कळणे, औषधे आणि तपासण्या कुठून घ्यायच्या ते निवडणे, आणि बिलाच्या वादावरून डिस्चार्ज किंवा मृतदेह अडवला न जाणे, हे सारे तिच्यात आले. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राने शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती केली आणि सनद व दर दर्शनी भागात लावणे, मृतदेह न अडवणे, तक्रार निवारण कक्ष असणे हे बंधनकारक झाले. १९४९ च्या कायद्यात जे राहून गेले होते ते सत्तर वर्षांनी आले.

इतके सगळे असताना लोक बिलिंग काउंटरवर अजूनही गप्प का उभे राहतात? हा प्रश्न मला फार दिवस छळतो आहे. एक उत्तर असे की त्यांना हक्क माहीत नाहीत. ते खरे आहे, पण अपुरे आहे. माहीत असलेली माणसेही गप्प राहतात, कारण आपला माणूस आत आहे. ज्या डॉक्टरांना उद्या सकाळी राउंडला यायचे आहे त्यांच्याशी आज संध्याकाळी ग्लोव्हजच्या संख्येवरून भांडायला कोण धजेल? आणि बिल हातात आले तरी ते वाचता येत नाही. इतक्या व्हिजिट लागल्या का, ही तपासणी रोज करायची गरज होती का, हे नातेवाईक कशाच्या आधारावर ठरवणार? हक्क दिला आहे तो त्या क्षणी सर्वांत दुबळ्या असलेल्या माणसाला, आणि बजावायचा आहे तोही त्यानेच, एकट्याने.

किंमत रुग्णाला कळते हे गृहीतकही फोल आहे. राष्ट्रीय औषध दर प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या खाजगी रुग्णालयांची बिले तपासून २०१८ मध्ये जे मांडले ते पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहे. काही वस्तूंवर नफा १,७०० टक्क्यांच्या वर होता, आणि औषधे, साहित्य व तपासण्या मिळून बिलाचा जवळपास निम्मा भाग होत होता. मोठी खरेदी रुग्णालयच करते, म्हणून उत्पादक एमआरपीच फुगवून छापतात. म्हणजे पाकिटावरची किंमत पाहून समाधान मानणारा सावध नातेवाईकही फसतोच. याउलट फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली गेली. त्याआधी जो स्टेंट लाखाच्या वर विकला जायचा, त्यासाठी एकाही रुग्णाला घासाघीस करावी लागली नाही.

आणि मग कोविड आला. मे २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने खाजगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले: साध्या विलगीकरण कक्षाला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. पीपीई किट आणि महागडी औषधे वेगळी ठेवल्याने त्यात पळवाटा राहिल्या, आणि अनेक रुग्णालयांनी त्या पुरेपूर वापरल्या. पण त्या काळात आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. महापालिकांनी रुग्णालयांत लेखापरीक्षक पाठवले. मुंबईत मोठ्या खाजगी रुग्णालयांवर प्रत्येकी दोन नेमले गेले. बिल रुग्णाच्या हातात पडण्याआधी किंवा तक्रार आल्यावर ते तपासले जाई, जादा लावलेली रक्कम वजा होई, भरलेली असेल तर परत मिळे. महाराष्ट्रात इतक्या लोकांना रुग्णालयाकडून पैसे परत मिळाल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही. त्यांनी काही शौर्य गाजवले नव्हते. त्यांच्या बाजूने आकडे समजणारा, आणि ज्याचे कोणी आत दाखल नाही असा, एक माणूस बसला होता.

मला वाटते, ऐंशी वर्षांचा हा प्रवास त्या लेखापरीक्षकाच्या टेबलापर्यंत येऊन थांबला, आणि साथ ओसरल्यावर टेबल उचलले गेले. २०१० चा केंद्राचा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने अजून स्वीकारलेला नाही. त्याच कायद्याखालचे दर का ठरवले नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राला खडसावून विचारले. मार्च २०२५ मध्ये रुग्णालयातल्याच मेडिकलमधून औषधे घेण्याच्या सक्तीचा प्रश्न आला तेव्हा न्यायालयाने तो राज्यांच्या धोरणावर सोपवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्यात एका गर्भवतीच्या कुटुंबाने १० लाखांची अनामत मागितल्याचा आरोप केला, तिचा पुढे मृत्यू झाला, आणि तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागू नका हे रुग्णालयांना पुन्हा एकदा लिहून कळवावे लागले. नियम होताच. तो त्या दिवशी तपासायला कोणी नव्हते.

डॉक्टरांची बाजू इथे मांडायलाच हवी. वीस खाटांचे नर्सिंग होम चालवणारे दांपत्य आणि शेअर बाजारात नोंदलेली साखळी यांना एकाच मापाने मोजणे अन्याय आहे. सरकारी योजनांचे पैसे वेळेवर मिळत नाहीत ही छोट्या रुग्णालयांची तक्रार खोटी नाही. काही कुटुंबे खरोखर बिल न भरता जातात, काही तोडफोड करतात. पण अविश्वासाची झळ सर्वांत जास्त प्रामाणिक डॉक्टरांनाच बसते. डॉ. अरुण गद्रे, डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला असे डॉक्टरच महाराष्ट्रात वर्षानुवर्षे पारदर्शक दरांची मागणी करत आले आहेत. तिऱ्हाइताने तपासून शिक्का मारलेले बिल त्यांच्याही कामाचे आहे.

तोवर दाखल होतानाच खर्चाचा अंदाज लेखी मागावा, रोजचे बिल रोज घ्यावे, ट्रस्टचे रुग्णालय असेल तर पहिल्याच दिवशी समाजसेवा विभाग गाठावा. विमा असेल तर डिस्चार्जची कॅशलेस मंजुरी तीन तासांत द्यायची आणि उशिराचा भुर्दंड विमा कंपनीने सोसायचा, हा २०२४ चा नियम काउंटरवर सांगावा. हे सगळे करावेच. पण ते रुग्णाचे काम आहे असे मानून सरकारने हात झटकू नयेत. शुश्रूषागृहांची नोंदणी शहरात महापालिकेकडे आणि जिल्ह्यात शल्यचिकित्सकांकडे असते. परवाना देणारे तेच, नूतनीकरण करणारे तेच. २०२१ च्या नियमांनी तक्रार कक्षही त्यांच्याच गळ्यात घातला आहे. त्या कक्षात एक फोन आणि एक लिपिक न ठेवता दोन लेखापरीक्षक आणि एक डॉक्टर बसवावेत, ठरावीक रकमेवरचे प्रत्येक बिल डिस्चार्जआधी त्यांच्याकडे ऑनलाइन जावे, आणि येत्या अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र तरतूद दाखवावी. २०२० मध्ये हीच यंत्रणा साथीच्या गोंधळात, काही आठवड्यांत उभी केली होती.