मदतीची घाई

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा घरांच्या जमिनीखाली माणसं सापडली. लहान मुलं तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत होती. मोठी माणसं उताणी पुरलेली, आणि त्यांतल्या बहुतेकांचे पाय घोट्याखाली तोडलेले. मेलेलं माणूस उठून चालू लागू नये म्हणून हे केलं असावं, असा अर्थ अभ्यासकांनी लावला.

हाड फार बोलकं असतं. ते मोडलं आणि सांधलं, तर त्या जागी गाठ राहते आणि तीन हजार वर्षांनीही सांगते, की हा माणूस पडला होता आणि त्यातून उठलाही होता. मेंदू आणि मज्जारज्जू मात्र मातीत विरून जातात. ज्याचे पाय शाबूत असूनही चालणं गेलं, अशा माणसाची आतली जखम कुठल्याही खड्ड्यात सापडत नाही.

ती कागदावर सापडते. इनामगावात माळवा संस्कृतीची पहिली घरं उभी राहत होती, त्याच सुमाराला, म्हणजे इसवी सनापूर्वी १६०० च्या आसपास, इजिप्तमध्ये जखमांची एक पोथी उतरवून काढली गेली. ती आज एडविन स्मिथ पपायरस म्हणून ओळखली जाते. तिच्या ४८ प्रकरणांत मानेचा मणका सरकलेला माणूसही आहे. त्याला स्वतःच्या हातापायांची जाणीव उरलेली नाही. पोथीचा निर्णय असा, की याच्यावर उपचार करू नयेत.

या हताशपणामागचं कारण आता पेशींच्या पातळीवर थोडंफार दिसू लागलं आहे. मार लागतो त्या क्षणी काही पेशी फुटतात. ते नुकसान तिथेच संपलं असतं, तर बरं झालं असतं. पण फुटलेल्या पेशींतून एटीपी बाहेर सांडतं. एरवी पेशीच्या पोटात इंधन म्हणून राहणारं हे द्रव्य बाहेर दिसलं, की शेजारच्या पेशी त्याला धोक्याची हाळी समजतात. ग्लुटामेटही सांडतं आणि धडधाकट चेतापेशींना इतकं चेतवतं, की त्यांच्यात कॅल्शियम घुसून त्याही मरतात. मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या रखवालदार पेशी काही मिनिटांतच आपले फाटे जखमेकडे पसरतात आणि आणखी निरोप धाडतात. काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी येऊन पोचतात. मेलेलं उचलायचं आणि जंतू मारायचे, हे त्यांचं काम. पण त्यांच्या हत्यारांना आपलं-परकं कळत नाही. त्यातच सूज येते. पायाला सूज आली, तर कातडी ताणते. कवटी आणि मणक्यांची नळी ताणत नाहीत, त्यामुळे दाब वाढतो, रक्त कमी पोचतं आणि वाचलेल्या पेशीही गुदमरतात. आगीतून फुफाट्यात पडावं, तशी ही दुसरी इजा.

मग पेशींची ही सगळी धावपळ, म्हणजेच दाह, विझवून टाकावा, असं कुणालाही वाटेल. डॉक्टरांनाही वाटलं. डोक्याला मार लागलेल्यांना कित्येक वर्षं स्टेरॉइड दिली जात. अखेर क्रॅश नावाच्या मोठ्या चाचणीत १०,००८ रुग्णांवर हा उपाय तपासला गेला. २००४ मध्ये निकाल आला : दोन आठवड्यांत स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी १७.९ टक्के.

व्रणाची कथाही अशीच. मज्जारज्जूच्या जखमेभोवती अॅस्ट्रोसाइट पेशी कुंपण घालतात. हेच कुंपण तंतूंना पुन्हा वाढू देत नाही, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांत ते कुंपण होऊच दिलं नाही, तेव्हा तंतू जास्त वाढण्याऐवजी उलट कमीच वाढले.

इथे मला इनामगावचं आणखी एक बांधकाम आठवतं. माळवानंतरच्या जोर्वे काळातल्या तिथल्या लोकांनी दगडमातीचा बांध घातला आणि त्याला लागून कालवा खणला. पुराचं पाणी वळवून शेताकडे न्यावं, हा त्यामागचा हेतू मानला जातो. पूर थोपवायचाही आणि वापरायचाही, हे त्यांना उमगलं होतं. दाहाच्या बाबतीत आपण बराच काळ नुसता बांधच घालत राहिलो.

खरा प्रश्न वेळेचा आहे. सुश्रुतसंहितेत सुजेच्या कच्ची, पिकू लागलेली आणि पिकलेली अशा अवस्था सांगितल्या आहेत. कच्ची सूज कापणारा आणि पिकलेलीकडे काणाडोळा करणारा, दोघेही तिथे सारखेच दोषी ठरतात. आजचं संशोधनही तेच विचारतं आहे : कुठल्या दिवशी कुठल्या पेशीचा कुठला निरोप थांबवायचा आणि कुठला पोचू द्यायचा? पूर्ण उत्तर अजून हाती नाही. खडकीला १९७४ पासून कंबरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र चालतं. म्हणूनच तिथलं जगणं चाकाच्या खुर्चीवर नव्याने उभं करावं लागतं.

तोवर आपल्या हातात एक साधी गोष्ट आहे. शिरूरहून पुण्याला जाणाऱ्या रस्त्यावर कुणी गाडीवरून पडला, की माणसं जिवाच्या आकांताने धावतात आणि हात-पाय धरून त्याची उचलबांगडी करून त्याला जीपमध्ये घालतात. मानेचा मणका मोडलेला असेल, तर उरलेला मज्जारज्जू त्या उचलण्यातच चिरडू शकतो. या माणसांच्या मनात वाईट काही नसतं. आतल्या पेशींच्याही नसतं. धावत यावं जरूर, पण आधी मान हलू न देता धरून बसावं, १०८ ला फोन लावावा आणि थांबावं. त्या वेळी थांबणं हेच सगळ्यात अवघड काम असतं.