कुर्ल्याची रांग, बीकेसीची रांग

घाटकोपरहून लालबहादूर शास्त्री मार्गाने दक्षिणेला निघाले की कुर्ला लागते आणि कुर्ल्यावरून मिठी नदी ओलांडली की वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे आपले बीकेसी. अंतर फार तर सात-आठ किलोमीटरचे. भारतातल्या मोटारींवरच्या आयातशुल्काची कहाणी सांगायला एवढा रस्ता पुरतो. कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. १९४७ पासून तिथे परदेशी सुट्या भागांतून डॉज आणि प्लिमथ जुळवल्या जाऊ लागल्या, पुढे फियाट आली आणि फियाटचीच पद्मिनी झाली. बीकेसीत १५ जुलै २०२५ रोजी टेस्लाने देशातले आपले पहिले दालन उघडले. प्रीमियर आयातशुल्काच्या भिंतीआड वाढली, तर टेस्ला त्याच भिंतीबाहेर वर्षानुवर्षे ताटकळली. गिऱ्हाइकाला मात्र दोघींनीही रांगेत उभे केले. आयातशुल्काची चर्चा आपल्याकडे गाडीच्या किमतीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. गाडी नोंदवल्यापासून ती दारात येईपर्यंतच्या काळात हे शुल्क काय करते आणि त्या काळातली जोखीम कोणाच्या गळ्यात पडते, हा मला अधिक महत्त्वाचा प्रश्न वाटतो. माझ्या मते ती वाट पाहणाऱ्याच्या गळ्यात पडते आणि तशी ती पडावी असे कायद्याने मुळीच सांगितलेले नाही.

आधी किमतीचा हिशेब उरकून घेऊ. टेस्लाची मॉडेल वाय बीकेसीत ५९ लाख ८९ हजारांना जाहीर झाली. तिची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत तेव्हा ४४,९९० डॉलर, म्हणजे साधारण ३८-३९ लाख रुपये होती. विमा आणि वाहतूक धरून चाळीस हजार डॉलरच्या आत बसणाऱ्या तयार गाडीवर ७० टक्के शुल्क लागते आणि त्यावर विजेच्या गाडीचा ५ टक्के जीएसटी. उलटे गणित मांडले तर बंदरावर उतरताना ही गाडी जास्तीत जास्त साडेतेहतीस लाखांची असणार आणि तिच्यावरचे शुल्क जास्तीत जास्त साडेतेवीस लाखांचे. चाळीस हजार डॉलरची रेघ ओलांडली की हेच शुल्क ११० टक्क्यांवर जाते. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात महागड्या गाड्यांवरच्या मूळ सीमाशुल्काचा कागदी दर १२५ वरून ७० टक्के झाला, तेव्हा मथळे वाचून अनेकांना आनंद झाला. पण त्याच वेळी ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लावला गेला आणि प्रत्यक्ष बेरीज पूर्वीइतकीच, ११० वर राहिली. जर्मन मोटारीवर शेतीचा उपकर हा विनोद सोडून देऊ. खरी मेख अशी की मूळ शुल्कातला वाटा राज्यांना मिळतो, उपकरातला मिळत नाही. शिवाय जीएसटी शुल्कासह फुगलेल्या किमतीवर बसतो आणि परिवहन विभागाचा एकरकमी मोटार वाहन कर त्याच्याही वरच्या किमतीवर. महाराष्ट्राने या कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर नेली आहे. थोडक्यात, शुल्क एकदा बसत नाही, प्रत्येक पुढच्या कराला ते आपल्या खांद्यावर चढवून घेते.

एवढे असूनही किंमत निदान दिसते. न दिसणारा खर्च समजून घ्यायचा तर कुर्ल्याकडे वळायला हवे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना टाकला होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये तयार गाड्यांची आयात बंद झाली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितले की ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन करण्याची योजना नाही, त्यांनी तीन वर्षांत जुळणीही बंद करावी. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. उरलेल्या मोजक्या कंपन्यांत प्रीमियर होती. आता शुल्काचा दर काय हा प्रश्नच उरला नाही, कारण मागवताच न येणाऱ्या मालाला दर नसतो. गाडीची किंमत सरकारी नियंत्रणाखाली आली आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बाहेरून माल येऊ द्यायचा नाही, आत किती बनवायचा ते परवान्याने ठरवायचे आणि किंमतही वाढू द्यायची नाही. असे तिन्ही दरवाजे लावले की मागणी मागच्या खिडकीतून बाहेर पडते आणि त्या खिडकीसमोर रांग लागते. पोस्टाच्या बचत खात्यात अनामत ठेवायची, नंबर लागायची वाट पाहायची आणि घाई असेल तर ज्याचा नंबर आधी लागला त्याला वर ‘ऑन’ देऊन गाडी उचलायची. आकुर्डीच्या बजाज चेतकसाठी तर दहा-दहा वर्षे थांबावे लागे. तो ‘ऑन’ म्हणजेच गाडीची खरी किंमत होती. फक्त ती सरकारला मिळत नव्हती की कारखान्यालाही, ती मिळे नंबर विकणाऱ्याला.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ही रांग परवान्यांची होती, शुल्काला कशाला दोष देता? आक्षेप निम्मा खरा आहे. रांगेची लांबी परवान्यानेच ठरवली. पण परवानाधारकाला त्या रांगेची लाज वाटू नये, ही सोय भिंतीने केली. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊच शकत नसेल तर त्याला वर्षानुवर्षे थांबवण्याचा खर्च कारखान्याला शून्य. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. भिंत नसती तर पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज इथला उद्योग उभा राहिला असता का? बहुधा नसता आणि ते नाकारण्याचा माझा हेतू नाही. मात्र भिंतीच्या बाजूने हा दाखला देताना भिंतीआडचे दोन्ही कारखाने पाहावेत. बजाज आणि प्रीमियर एकाच संरक्षणात वाढल्या. एकीच्या दुचाक्या आज जगभर जातात. दुसरीची पद्मिनी २००० च्या आसपास बंद झाली आणि तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. भिंत दोघींना सारखीच होती, तिच्या आतली स्पर्धा नव्हती. दुचाक्यांमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यावर हिरो होंडा आली, कायनेटिक होंडा आली, बजाजला कावासाकीचा हात धरावा लागला. चारचाकींत डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली, तेव्हा कुर्ल्याच्या गाडीची रचना जवळजवळ वीस वर्षे जुनी होती. संरक्षणाने उद्योगाला वेळ मिळतो, पण त्या वेळात शिकण्याची घाई देशातला प्रतिस्पर्धीच लावतो. रांगेची सवय मात्र इतकी मुरली होती की १९९६ मध्ये कुर्ल्यातून येणाऱ्या फियाट उनोसाठी सुमारे २ लाख ९० हजार लोकांनी पैसे भरले आणि संप व रखडलेल्या उत्पादनामुळे त्यांतल्या बहुतेकांच्या दारात ती गाडी कधी आलीच नाही.

उदारीकरणानंतर ही रांग इतिहासजमा झाली असे आपण मानत होतो. मार्च २०१६ च्या अखेरीस टेस्लाने मॉडेल ३ साठी जगभर एक हजार डॉलर घेऊन नोंदणी सुरू केली आणि ते भरणाऱ्यांत भारतीयही होते. गाडी आली नाही. जुलै २०२१ मध्ये एलॉन मस्क यांनी जाहीरपणे सांगितले की भारताचे आयातशुल्क कोणत्याही मोठ्या देशापेक्षा कितीतरी जास्त आहे. सरकारचे उत्तर होते की आधी इथे कारखाना टाका. मार्च २०२४ मध्ये मधला मार्ग निघाला : ४,१५० कोटींची गुंतवणूक करणाऱ्या कंपनीला वर्षाला आठ हजार विजेच्या गाड्या १५ टक्के शुल्कात आणता येतील. टेस्लाने तो मार्ग धरला नाही. मे २०२५ मध्ये जुन्या नोंदणीदारांना पैसे परत करत असल्याचे कळवण्यात आले. नऊ वर्षे, म्हणजे चेतकच्या रांगेहून एकच वर्ष कमी. या मधल्या काळात ज्यांचे पैसे अडकले होते, त्यांना दोन्ही बाजूंपैकी कोणीही विचारले नाही. दालन उघडल्यावर पहिली गाडी ५ सप्टेंबरला परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांना मिळाली. बातम्यांनुसार तोवरच्या मागण्या सहाशेच्या आसपास होत्या. शुल्क भरायला तयार असणाऱ्यांचा आकडा एवढा लहान असतो.

मात्र शुल्क उतरवले की सगळे सुरळीत होईल, या भाबडेपणालाही आधार नाही. हार्ले-डेव्हिडसनच्या तयार मोटारसायकलींवरचे शुल्क २०१८ मध्ये ७५ वरून ५० टक्क्यांवर आले. तरी कंपनीने २०२० मध्ये इथले उत्पादन आणि विक्री गुंडाळली. तिचे नाव पुन्हा रस्त्यावर खपले ते २०२३ मध्ये, हिरोने इथेच बनवलेल्या २ लाख २९ हजारांच्या एक्स-४४० वर.

शुल्क उत्पादनाची आणि मागणीची रचना किती खोलवर वळवते, याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस दिली. कंपनीचे कारखाने चाकणला आणि छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला आहेत. विभागाचा आरोप असा की कंपनीने जवळजवळ संपूर्ण गाडी सुटी करून वेगवेगळ्या खेपांत आणली, त्यामुळे जुळणीच्या संचावरच्या ३० ते ३५ टक्क्यांऐवजी सुट्या भागांचा ५ ते १५ टक्क्यांचा दर लागला. कंपनीने आरोप नाकारून जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. निकाल काय लागायचा तो लागो. विभागाच्या वर्णनानुसार, इथल्या विक्रेत्यांची मागणी संगणकप्रणालीत भरली की एका गाडीचे सातशे ते दीड हजार भागांत तुकडे होत आणि ते स्वतंत्रपणे रवाना होत. हे कारखान्याच्या सोयीसाठी होते की शुल्क वाचवण्यासाठी, हाच तर वाद आहे. पण घाटकोपरच्या एखाद्या कुटुंबाने ‘अमुक रंग, अमुक मॉडेल’ म्हणून केलेली मागणी कोणत्या कंटेनरमध्ये आणि कोणत्या वर्गवारीत प्रवास करते, यात शुल्काच्या तक्त्याचा हात असू शकतो, हे त्या कुटुंबाला ठाऊक नसते.

आता मूळ प्रश्न : वाटेत असताना दर बदलला तर? १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १५ प्रमाणे दर लागतो तो माल सोडवण्यासाठी आगमपत्र दाखल होईल त्या दिवसाचा किंवा जहाजाचे आगमन नोंदले जाईल त्या दिवसाचा, यांपैकी जो नंतरचा असेल तो. गिऱ्हाइकाने पैसे भरले त्या तारखेला तिथे काही अर्थ नाही. पण १९३० च्या वस्तू विक्री कायद्यात कलम ६४अ आहे आणि ते समतोल आहे. करार झाल्यानंतर कर वा शुल्क वाढले तर विक्रेत्याने ती वाढ घ्यावी, कमी झाले तर गिऱ्हाइकाने तेवढी रक्कम वजा करावी, मात्र करारात वेगळे ठरलेले नसेल तर. ‘मात्र’पाशीच पाणी मुरते. बहुतेक बुकिंग अर्जांत ‘डिलिव्हरीच्या दिवशी लागू असेल ती किंमत’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते आणि ती किंमत ठरवतो विक्रेता. दर वाढला तर वाढ पोहोचते. दर उतरला तर रुपया घसरला, वाहतूक महागली, अशी कारणे मध्ये येतात, कारण शुल्काचा आकडा किमतीत वितळलेला असतो.

२०२५ चाच अनुभव याच्या उलट आहे, असे कोणी म्हणेल. १५ ऑगस्टला जीएसटी कपातीची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला परिषदेने दर ठरवले, २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. छोट्या गाडीवरचा २९ टक्क्यांचा भार १८ वर आला, म्हणजे १२९ रुपयांची वस्तू ११८ ला, आणि कंपन्यांनी ती कपात दिली. बरोबर. पण ती का दिली? जीएसटीचा आकडा प्रत्येक बिलावर छापलेला असतो आणि देशभर त्याचीच चर्चा होती. दिसणारा कर गिळता येत नाही. त्याच पाच आठवड्यांत अनिश्चिततेची किंमतही दिसली. ऐन गणेशोत्सवात लोकांनी गाड्या नोंदवून ठेवल्या, पण ताब्यात घेतल्या नाहीत. जुन्या दराने उपकर भरून माल घेतलेल्या डीलरांचे सुमारे अडीच हजार कोटींचे उपकराचे क्रेडिट अडकल्याचे त्यांच्या महासंघाने सांगितले. भार कमी होणार असतानाही घोषणा आणि अंमल यांच्यामधल्या पोकळीत इतके अडकते.

उरतो शेवटचा आक्षेप : घाटकोपरच्या सोसायटीत उभ्या गाड्यांपैकी परदेशात तयार झालेल्या किती? वॅगन आर घेणाऱ्याला ११० टक्क्यांशी काय देणेघेणे? थेट फारसे नाही. पण देशी गाडीतही आयात भाग असतात आणि मागणी अडायला एक भाग पुरतो. चीनने एप्रिल २०२५ मध्ये दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रण आणले आणि काही महिन्यांत बजाजच्या विजेवरच्या चेतकचे उत्पादन कोलमडले. नाव तेच, वाट पाहणे तेच, कारण मात्र परदेशी सरकारचे. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेने मोटारींवर २५ टक्के शुल्क लावले, तेव्हा टाटांच्या जॅग्वार लँड रोव्हरने तिकडे जाणारी जहाजे काही काळ थांबवली. रांग आता देशाच्या सीमेत मावत नाही.

२४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी व्यापार करार झाला. त्यानुसार ठरावीक कोट्यातल्या ब्रिटिश मोटारींवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने ११० वरून १० टक्क्यांवर येणार आहे, पण सहीबरोबर अंमल सुरू झाला नाही. म्हणजे पुन्हा घोषणा आणि अंमल यांच्यामधला काळ, या वेळी काही आठवड्यांपुरता नव्हे. आयात गाडीच्या बिलावर सीमाशुल्काची रक्कम जीएसटीसारखी वेगळी छापा आणि कलम ६४अ बाजूला सारणारी अट बुकिंग अर्जात घालू देऊ नका, एवढ्या दोन गोष्टींना परकीय चलन लागत नाही की परदेशाशी वाटाघाटीही. विक्रेते म्हणतील की यात आमची कोंडी होईल. पण बंदराजवळच्या बॉण्डेड गोदामात शुल्क न भरता गाडी ठेवून दर उतरण्याची वाट पाहण्याची सोय आयातदाराला आजही आहे. पैसे भरून बसलेल्या गिऱ्हाइकाला ती नाही आणि पाडव्याला तो ज्या अर्जावर सही करील, त्यात डिलिव्हरीच्या दिवसाची किंमत अजून तशीच बारीक अक्षरांत आहे.